उधारीला मदत म्हणू नये

‘मदत’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. सरकारने धंदेवाल्यांना मदत केली, अमुक कोटींचं पॅकेज दिलं, अशा बातम्या संकट आलं की पावसाळी छत्र्यांसारख्या उगवतात. मी मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस, अर्थशास्त्रातला नव्हे. पण शब्दाचा अर्थ काय हे विचारण्याची खोड मास्तरकी सोडली तरी सुटत नाही. म्हणून विचारतो, मदत म्हणजे नेमकं काय?

आमच्या आईला ह्याचं उत्तर ठाऊक होतं. शेजारणीने वाटीभर साखर नेली तर ते ‘उसनं’. चार दिवसांनी वाटी परत येणार. सावकाराकडून आणलं ते ‘कर्ज’, म्हणजे वाटीला सव्वा वाटी परत. वाण्याने पुढच्या महिन्यात द्या म्हटलं तर ती ‘मुदत’. आणि कुणाच्या घरी मयत झालं, चूल पेटली नाही, म्हणून शेजारून भाकरी-पिठलं गेलं तर ती ‘मदत’. त्या भाकरीचा हिशेब कुणी ठेवत नसे. चार शब्द, चार अर्थ. चौथी शिकलेल्या बाईची त्यात कधी गल्लत झाली नाही. आपल्या सरकारांची मात्र नेमकी तिथेच होते, आणि ती गल्लत चुकून होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या कोल्हापूरचीच गोष्ट घेऊ, कारण इथल्या दुकानदाराने दोन वर्षांत तीन घाव सोसले. ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौकाचा परिसर पाण्यात. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, गावात दूध नाही की पेट्रोल नाही. गणपती तोंडावर आलेले आणि कुंभार गल्लीतल्या मूर्तींचा चिखल झालेला. ह्यातून माणसं उठतात तोवर मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन. मग एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्यांदा टाळेबंदी. आमच्या जिल्ह्यात रुग्ण जास्त, म्हणून इथली बंधनं जुलैपर्यंत लांबली. दुकानं उघडू द्या म्हणून व्यापाऱ्यांना आंदोलनाची भाषा करावी लागली. दुकानं उघडतात न उघडतात तोच जुलैच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा महापूर, पुन्हा ५५ फुटांच्या वर.

ह्यातला एकही घाव दुकानदाराच्या चुकीने झालेला नाही. त्याने उधळपट्टी केली नव्हती की सट्टा खेळला नव्हता. पहिला आणि तिसरा घाव पाण्याचा, मधला रोगाचा. आणि मधल्या घावात तर शटर खाली ओढण्याचा हुकूम सरकारचाच होता. हुकूम आवश्यक होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुसऱ्याच्या भल्यासाठी एखाद्याचं दुकान बंद ठेवायचं, तर बंद काळाचा खर्च कुणी सोसायचा? हा प्रश्न त्या वेळी फारसा कुणी मोठ्याने विचारला नाही. मी तो आज विचारतोय, कारण पुढचं संकट येणारच आहे.

आता पुरातल्या ‘मदतीचा’ हिशेब बघा. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा राज्य सरकारने छोट्या दुकानदारांसाठी जाहीर केलं: नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये. ही खरी मदत होती, परत मागितली नाही, त्याबद्दल सरकारला श्रेय दिलंच पाहिजे. २०२१ मध्ये टपरीवाल्यालाही १० हजारांपर्यंत होते. पण दुकानदार स्थानिक रहिवासी हवा, मतदार यादीत नाव हवं, रेशनकार्ड हवं. पूर दुकानात शिरताना मतदार यादी बघत नाही, पण ते असो. ‘जास्तीत जास्त’ ह्या दोन शब्दांत सगळी मेख आहे. ५ लाखांचा माल गेला तरी ५० हजारच. पंचाहत्तर टक्के हे जाहिरातीपुरतं, ५० हजार हे खात्यापुरतं.

त्यातही एक गंमत आहे, जी पेपरात फारशी आली नाही. जीएसटीच्या कायद्यात कलम १७ आहे. त्याच्या पाचव्या पोटकलमात म्हटलं आहे की माल हरवला, चोरीला गेला, नष्ट झाला, तर त्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळणार नाही. आधी घेतली असेल तर परत करायची. साध्या भाषेत सांगतो. समजा एका दुकानदाराने ५ लाखांचं इलेक्ट्रिकचं सामान भरलं. त्यावर १८ टक्क्यांनी ९० हजार कर दिला आणि नियमाप्रमाणे त्याची वजावट घेतली. आता पंखे, वायरी, बटणं सगळं पंचगंगेच्या गढूळ पाण्यात आठ दिवस बुडालं. माल विकला गेलाच नाही, फेकून दिला. कायदा म्हणतो, ते ९० हजार आता परत भर. म्हणजे महसूल खात्याने पंचनामा करून ५० हजार दिले आणि कर खात्याच्या कायद्याने ९० हजार मागितले. मदत घेऊन हा माणूस ४० हजारांनी आणखी खड्ड्यात! ह्याला आमच्याकडे म्हणतात, डोळे पुसायला आला आणि टॉवेलचे पैसे मागून गेला.

आणि त्याच वर्षी दिल्लीत काय झालं? पाणी ओसरून जेमतेम महिना-सव्वा महिना झाला होता. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी कंपन्यांवरचा मूळ प्राप्तिकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. नव्याने कारखाने काढणाऱ्या कंपन्यांना तर १५ टक्के. सरकारचं वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न बुडेल, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. कारण काय, तर अर्थव्यवस्था मंदावली आहे, उद्योगाला चालना हवी. ठीक आहे. पण त्यासाठी कुणाचा पंचनामा झाला नाही. कुणाचं रेशनकार्ड पाहिलं नाही. ‘जास्तीत जास्त’ अशी अट नव्हती. आणि ती सवलत होती कंपन्यांना. आमच्या उद्यमनगरातले निम्म्याहून अधिक वर्कशॉपवाले कंपनी नाहीत हो, कुणी एकट्याच्या नावावर, कुणी दोघा भावांच्या भागीदारीत. भागीदारी फर्मचा कर होता तिथेच राहिला, ३० टक्के. मोठ्याचं दुखणं आलं की सूट, लहान्याचं आलं की अर्ज.

आता लॉकडाऊनकडे येतो. १२ मे २०२० रोजी रात्री पंतप्रधानांनी २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दुसऱ्या दिवसापासून अर्थमंत्री पाच दिवस रोज एकेक हप्ता उलगडून सांगत होत्या, आम्ही टीव्हीसमोर बसून ऐकत होतो. नंतर बेरीज समजली. त्या रकमेत ८ लाख कोटींच्या वर तर रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी केलेल्या तजविजी धरलेल्या. उरलेल्यात मोठा वाटा कर्जाचा आणि हमीचा. लहान-मध्यम उद्योगांसाठीचा सगळ्यात मोठा आकडा होता ३ लाख कोटी. तारण नको, हमी सरकारची. ऐकायला किती छान! पण हे कर्ज मिळणार कुणाला? २९ फेब्रुवारी २०२० ह्या तारखेला ज्याच्या नावावर बँकेचं जेवढं कर्ज बाकी असेल, त्याच्या २० टक्के. म्हणजे ज्याचं कर्ज १ कोटी, त्याला २० लाख. ज्याचं १० लाख, त्याला २ लाख. आणि ज्याचं शून्य?

माझा एक जुना विद्यार्थी आहे. लेथ मशीन टाकून फौंड्र्यांची जॉबची कामं करतो, तीन कामगार हाताखाली. बापाने सांगितलेलं, कर्ज काढून धंदा करू नकोस. त्याने ते पाळलं. पैसे साठवून जुनी मशीन घेतली, मग दुसरी. २०२० च्या जूनमध्ये तो बँकेत जाऊन आला आणि वाटेत मला भेटला. म्हणाला, “सर, तीन लाख कोटी आल्यात म्हणं. म्हटलं आपल्याला तेवढं दोन लाख द्या. तर सायेब इचारत्यात, आधीचं कर्ज किती हाय? म्हटलं काय बी न्हाई. म्हणाले, मग तुमास्नी ह्यातनं काय मिळत न्हाई.” मी काय बोलणार? शाळेत ह्याच पोराला मी अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण शिकवली होती. सरकारी योजनेने त्याला शिकवलं की जितके पाय बाहेर, तितकं पांघरूण मोठं.

त्या कर्ज योजनेने पुष्कळ कारखाने तगले असं बँका सांगतात, आणि मी ते नाकारत नाही. बुडत्याला काडीचाही आधार असतो. पण ज्यांना ते मिळालं त्यांचाही हिशेब मांडून बघा, अवघड नाही. अशाच एखाद्या वर्कशॉपचं भाडं १० हजार, तीन कामगारांचे पगार ३६ हजार, वीज आणि घरखर्च मिळून २० हजार. महिन्याला ६६ हजार. तीन महिने एक पैसा आला नाही, खर्च मात्र झाला. जवळजवळ २ लाखांचा खड्डा. हा खड्डा त्याने योजनेतल्या कर्जाने भरला असं धरू. बँकेचा व्याजदर कमाल सव्वानऊ टक्के, मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष नुसतं व्याज. म्हणजे पहिल्या वर्षी १८,५०० रुपये व्याज, आणि पुढची तीन वर्षं महिन्याला सुमारे ६,४०० रुपये हप्ता. एकूण जवळजवळ २ लाख ४८ हजार परत करायचे. कशासाठी? तर ज्या दिवसांत दुकान उघडायलाच बंदी होती, त्या दिवसांच्या भाड्यासाठी आणि पगारासाठी!

कर्ज वाईट नसतं. कर्ज पेरणीसाठी असतं. बियाणं घेतलं, पीक आलं, कर्ज फिटलं. नवी मशीन घेतली, काम वाढलं, हप्ते गेले. पण जे दिवस गेले ते गेले. गेलेल्या तीन महिन्यांचं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुप्पट होऊन येत नाही. ज्याने एप्रिलमध्ये चहा प्यायला नाही तो ऑगस्टमध्ये चार कप जास्त पीत नाही. सलूनवाल्याकडे तीन महिन्यांनी आलेलं डोकं तीनदा कापून घेत नाही. त्या खड्ड्यात कर्ज ओतणं म्हणजे तेराव्याचा स्वयंपाक हप्त्यावर घेण्यासारखं. माणूस गेला तो गेलाच, वर चार वर्षं हप्ते.

बाकीच्या सवलती बघा, सगळीकडे तीच तऱ्हा. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलले, मार्चपासून ऑगस्ट २०२० पर्यंत. व्याज मात्र चालू. त्यावर पुन्हा व्याज लागायचं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा कुठे २ कोटींपर्यंतच्या कर्जदारांना व्याजावरच्या व्याजात सूट मिळाली. चक्रवाढ व्याज शाळेतली पोरं शिकतात, तेव्हा ते मार्कांपुरतं असतं. वीज नियामक आयोगाने उद्योग-व्यवसायांचा स्थिर आकार तीन महिने भरू नका म्हटलं, पण तोही पुढे ढकललेला, माफ केलेला नाही. कारखाना बंद, मीटर बंद, बिल चालूच. २९ मार्च २०२० ला गृहखात्याने हुकूम काढला की सर्व मालकांनी कामगारांना पूर्ण पगार द्यावा. हुकूम अगदी माणुसकीचा. पण त्यासोबत पैसा? छदामही नाही. मे महिन्यात तो हुकूम मागे घेतला गेला. शंभरपर्यंत कामगार असलेल्या काही आस्थापनांचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा सरकारने काही महिने भरला हे खरं, पण आमच्या तीन कामगारांच्या वर्कशॉपला पीएफ असतो कुठे? एप्रिल २०२१ च्या टाळेबंदीत राज्य सरकारने परवानाधारक रिक्षावाल्यांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना, बांधकाम मजुरांना आणि घरकाम करणाऱ्या बायकांना दीड-दीड हजार रुपये जाहीर केले. देणं छोटं, पण ते देणं होतं. मात्र कापड दुकानातला पोरगा, हॉटेलातला वेटर, सलूनमधला कारागीर ह्या यादीत कुठेच नव्हता.

ह्या सगळ्यावर कळस म्हणजे त्या २० लाख कोटींच्या घोषणेतलं एक कलम. सरकार आणि सरकारी कंपन्या लहान उद्योगांची थकलेली बिलं ४५ दिवसांत देतील! अहो, लहान उद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यायचं, हे २००६ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. चौदा वर्षं जे देणं कायद्याने लागत होतं, ते देऊ म्हणायचं आणि त्यालाच पॅकेज म्हणायचं? उद्या मी वाण्याची उधारी चुकवली तर त्याने माझा सत्कार करावा काय? आणि एवढं करून ही सवय गेली का, तर नाही. २०२५ मध्ये राज्यातले कंत्राटदार आपल्या थकलेल्या सरकारी बिलांसाठी आंदोलन करत होते. सरकार स्वतः लहान माणसाकडून बिनव्याजी उधार घेतं, आणि त्याच माणसाला व्याजाने कर्ज देऊन त्याला मदत म्हणतं. ह्या व्यवहाराला दुसरा काही शब्द असेल तर मला कळवा.

जगात सगळीकडे असंच झालं असेल असं कुणी म्हणेल. नाही झालं. इंग्लंडमध्ये सरकारने घरी बसवलेल्या कामगारांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिना अडीच हजार पौंडांपर्यंत, स्वतः भरला. जर्मनीत तर कामाचे तास कमी झाले की तुटलेल्या पगाराचा मोठा वाटा सरकारी निधीतून देण्याची जुनीच पद्धत आहे. अमेरिका, जी आपल्याला बाजाराचे धडे देते, तिने लहान धंद्यांना कर्ज दिलं, पण अट अशी की बहुतेक पैसा कामगारांच्या पगारावर खर्च केला तर कर्ज माफ. आणि बहुतेक कर्जं माफ झाली. तिथेही लबाड्या झाल्या, काहींनी खोटे कागद केले. पण त्यांनी उधारी आणि मदत ह्यांत गल्लत केली नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप: ते श्रीमंत देश, आपल्याकडे पैसा कुठे? मान्य, आपण इंग्लंड नाही. ८० टक्के नको, तीस टक्के तरी? आणि पैसा नाही हे कारण दरवेळी दुकानदाराच्या पाळीलाच कसं आठवतं? वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडून देताना ते आठवलं नाही. तिजोरी रिकामी असेल तर ती सगळ्यांसाठी रिकामी असावी.

दुसरा आक्षेप आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींचा. व्यापारी कर चुकवतात, पक्कं बिल देत नाहीत, मग त्यांना आमच्या करातून का द्यायचं? काही चुकवतात, खरं आहे. पण मग जे प्रामाणिकपणे रिटर्न भरतात त्यांना तरी द्या! जीएसटी आल्यापासून दर महिन्याला कोणी किती विकलं हे सरकारला दुकानदाराच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक असतं. ज्याने गेल्या वर्षी जेवढी विक्री दाखवली, त्याच्या प्रमाणात बंद काळाची भरपाई. कच्च्या बिलावर धंदा करणारा आपोआप बाहेर, आणि पुढच्या वेळी तोही पक्कं बिल फाडेल. प्रामाणिकपणाला बक्षीस देण्याची ह्यापेक्षा सोपी वाट कुठली?

ह्याच कट्ट्यावर आम्ही सगळे पेन्शनर बसतो, म्हणून हेही सांगून टाकतो. त्या काळात माझं पेन्शन येत राहिलं. मी घरात बसून पुस्तकं वाचली, गच्चीवर फेऱ्या मारल्या. मला घरी बसायला सांगितलं तेव्हा माझं काही गेलं नाही, समोरच्या इस्त्रीवाल्याचं सगळं गेलं. दोघांना एकच नियम, पण त्याची किंमत एकट्याने भरली. ज्यांचा पगार आणि पेन्शन चालू होतं, त्यांनी ‘धंदेवाल्यांना कशाला द्यायचं’ असं विचारणं मला शोभत नाही असं वाटतं.

तिसरा आक्षेप शहाण्यांचा. जे दुबळे धंदे आहेत ते बुडू द्यावेत, बाजाराचा नियमच आहे. बरं. गिऱ्हाइकाला माल आवडला नाही म्हणून दुकान बुडालं तर बुडू दे, मी एक अश्रू ढाळणार नाही. पण नदी ५५ फुटांवर गेली म्हणून, किंवा शटर उघडलं तर दंड म्हणून जे बुडतं, त्यात बाजाराने कसली परीक्षा घेतली? प्रश्नपत्रिकाच दिली नाही आणि नापास केलं. मास्तर म्हणून मला हे कधीच मान्य होणार नाही.

कोल्हापूरच्या माणसाला ह्या बाबतीत दूरचे दाखले शोधायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी त्यांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरीची पेठ वसवली. तीच शाहूपुरी, जी २०१९ मध्ये पाण्यात गेली. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ आला, मग प्लेग. दरबाराने स्वस्त धान्याची दुकानं काढली, दुष्काळी कामं काढून लोकांच्या हातात मजुरी दिली, शेतकऱ्यांना तगाई दिली. तगाई म्हणजे कर्जच, हे मी विसरलेलो नाही. पण ती पेरणीसाठी होती, आणि भुकेसाठी वेगळी सोय होती. दोन्हींना एकच नाव दिलं नव्हतं.

आणि गंगाराम कांबळ्यांची गोष्ट तर इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. दरबारच्या पागेतला हा माणूस, अस्पृश्य म्हणून पाण्याच्या हौदावरून मार खाल्लेला. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं आणि त्यासाठी मदत केली. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल निघालं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? हॉटेल आहे, चहा आहे, गिऱ्हाईक नाही. अशा वेळी आजचं सरकार काय करतं? कांबळ्यांना आणखी एक कर्ज मंजूर करतं. महाराजांनी तिथे गाडी थांबवली आणि चहा मागवला. स्वतः प्यायले, बरोबरच्या मंडळींना पाजला. त्यांनी कांबळ्यांना गिऱ्हाईक दिलं. धंद्याचं नेमकं काय अडलंय हे त्यांनी ओळखलं होतं. धंदा भांडवल कमी पडून क्वचित मरतो, बहुतेक वेळा गिऱ्हाईक न आल्याने मरतो. शंभर वर्षांपूर्वी खडखड्यात बसून फिरणाऱ्या राजाला जे कळलं, ते आज इतक्या आकडेवारीच्या ढिगावर बसलेल्यांना कळू नये?

कळत नाही हे सिद्धही झालंय. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लावलं. ऑर्डरी थांबल्या, निर्यातदार घाबरले. म्हणजे पुन्हा गिऱ्हाईकच गेलं. नोव्हेंबरमध्ये केंद्राने त्यावर जे उपाय काढले त्यातला एक मोठा उपाय कोणता? निर्यातदारांना २० हजार कोटींपर्यंतचं जादा कर्ज, हमी सरकारची. रोग बदलला, औषधाची बाटली तीच.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते कुठल्या एका पक्षाकडे नाही. मी वर जी उदाहरणं दिली त्यात सगळ्या रंगांची सरकारं आहेत. सरकारने हुकूम काढून दुकान बंद करायला लावलं, तर त्या दिवसांच्या भाड्या-पगाराचा काही हिस्सा सरकारने द्यावा. तो देण्याचा कायदा संकट येण्याआधी करावा, नंतर घोषणा नको. पुरात बुडालेल्या मालावरची कराची वजावट परत मागणारं कलम बदलावं. त्याला तिजोरीचा फार मोठा आधारही लागत नाही, पेनाची एक ओळ पुरते. बंद काळाचा स्थिर आकार माफ करायचा असेल तर माफ करा, पुढे ढकलायचा असेल तर ‘पुढे ढकलला’ म्हणा. मदत देण्याआधी आपली थकलेली बिलं द्या. आणि संकटानंतर पहिलं वर्ष तरी सरकारी शाळांचे बाक, गणवेश, दवाखान्यांच्या कॉटा, जे जे इथे बनतं ते इथल्या लहान कारागिरांकडून घ्या, वेळेवर पैसे देऊन. हाच आजचा भाऊसिंगजी रोडवरचा चहा.

आणि ह्यातलं काहीच जमणार नसेल तर निदान एक करा. शब्द तरी खरे वापरा. कर्ज दिलं तर कर्ज म्हणा, मुदत दिली तर मुदत म्हणा. लोक समजून घेतील, कोल्हापूरचा माणूस फटकळ आहे पण हिशेबाला पक्का आहे. त्याला उधारी चालते. उधारी देऊन वर उपकाराचा फलक लावलेला चालत नाही.